पत्र्याची आखणी आणि मागणीचा भरवसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या उद्योगविषयक पानावर काही दिवसांपूर्वी मराठवाड्यातील लहान कारखान्यांत पत्रा कापताना होणाऱ्या नासाडीविषयी मजकूर आला होता. संगणकावर लेआउट, म्हणजे शीटवर तुकडे कसे बसवायचे याची आखणी, करून घेतला तर एका शीटमधून जास्त माल निघतो आणि भंगार घटते, असे त्यात म्हटले होते. ते खरेच आहे आणि त्याविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. मात्र त्या मजकुरात, आणि एकूणच आमच्या धंद्यातल्या चर्चेत, कापलेला प्रत्येक तुकडा विकला जाणारच असे गृहीत धरलेले असते, आणि माझी हरकत आहे ती या गृहीताला. गेली २६ वर्षे मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पत्राकामाचे एक लहान वर्कशॉप चालवतो. उन्हाळ्याआधी कूलरच्या बॉडी, सुगीच्या तोंडावर धान्याच्या कोठ्या आणि वर्षभर इतरांसाठी ब्रॅकेट, कव्हर, गार्ड असे जॉबवर्क, यावर आमचे चालते. एवढ्या वर्षांत मला खरे बुडवले ते नीट मापात, गुण्या लावून काटकोनात कापलेल्या, पण कोणीही न मागितलेल्या तुकड्यांनी. शीटच्या कडेला उरणाऱ्या पट्ट्यांनी त्या मानाने फारसे काही नेलेले नाही.

ज्या वाचकांचा या कामाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. कूलरच्या बॉडीला आम्ही ०.६ मिलिमीटर जाडीचा जीपी, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरतो. आठ बाय चार फुटांची शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. एक चौरस मीटर आणि एक मिलिमीटर जाडीच्या पोलादाचे वजन ७.८५ किलो धरले, तर अशी एक शीट साधारण १४ किलो भरते. ती शिअरिंग मशीनवर कापली जाते आणि हे मशीन एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळच कापते; मध्येच थांबून वळण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे आखणी करताना कोणता छेद आधी आणि कोणता नंतर, याचाही विचार करावा लागतो. कापून जे उरते ते भंगारवाला नेतो, तिथून ते जालन्याच्या भट्ट्यांकडे जाते आणि सळई होऊन पुन्हा आपल्याच घरांच्या स्लॅबमध्ये येते. पत्रा घेतानाचा भाव आणि भंगार देतानाचा भाव यांच्यातले अंतर मोठे असते, आणि जस्ताच्या मुलाम्याच्या भंगाराला तर भंगारवाला आणखी हात आखडतो. म्हणूनच प्रत्येक मालकाची नजर यील्डवर, म्हणजे शीटच्या वजनापैकी किती टक्के कामाच्या तुकड्यांत गेले यावर, खिळलेली असते.

आता माझेच उदाहरण देतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत, पण घडले ते असेच. मोठ्या कूलरच्या अंगाचा पत्रा ७१५ बाय १२०० मिलिमीटरचा आणि छोट्या कूलरचा ५०० बाय ६०० मिलिमीटरचा. एका शीटमधून फक्त मोठे तुकडे काढले तर तीन निघतात आणि यील्ड साडेशहाऐंशी टक्के पडते. फक्त छोटे काढले तर आठ निघतात आणि यील्ड ८१ टक्क्यांच्या आत राहते. मात्र दोन मोठे आणि चार छोटे एकाच शीटवर बसवले, तर शीट जवळजवळ पूर्ण भरते आणि यील्ड ९८ टक्के होते. आमच्या जुन्या मिस्त्रींनी ही जुळणी खडूने फरशीवर काढून दाखवली होती, आणि पुढे कधीतरी सॉफ्टवेअरमध्ये तीच मापे घातली तेव्हा त्यानेही हीच जुळणी दिली. त्या दिवशी मिस्त्रींच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहण्यासारखे होते.

ते साल होते २०१६. आधीचे दोन पावसाळे कोरडे गेले होते, ऊन कडक पडणार हे दिसत होते, आणि म्हणून फेब्रुवारीतच मी २०० मोठे आणि ४०० छोटे तुकडे धरून शंभर शीट एका दमात कापून घेतल्या. यील्ड ९८ टक्के, भंगार जेमतेम दोन पोती, सगळे खूश. ऊन पडले ते अंदाजापेक्षाही जास्त. पण एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि कूलरला पाणी लागते ही साधी गोष्ट मी हिशेबात धरलेलीच नव्हती. लातूर, धाराशिव, बीडकडचे व्यापारी मोठ्या टाकीचा कूलर नको म्हणू लागले. घ्यायचाच तर छोटा द्या, तो निदान घागरभर पाण्यात रात्र काढतो, असे त्यांचे म्हणणे. हंगाम संपला तेव्हा छोटे ४०० तुकडे सगळे उठले होते आणि मोठ्यांपैकी ८० तसेच भिंतीला टेकून उभे होते. प्रत्येकी चार किलो, म्हणजे सव्वातीनशे किलोच्या आसपास पत्रा. मार्चअखेरीच्या हिशेबात मात्र तो अर्धवट तयार माल म्हणून पूर्ण किमतीने दाखवला गेला होता आणि ताळेबंदात माझा नफाही दिसत होता!

त्या शंभर शीटचे खरे यील्ड किती, हे पुढे एका रविवारी बसून काढले. विकल्या गेलेल्या १२० मोठ्या आणि ४०० छोट्या तुकड्यांचे क्षेत्रफळ शंभर शीटच्या क्षेत्रफळाने भागले, तर उत्तर आले ७५ टक्के. कागदावर ९८, हातात ७५. समजा, त्याऐवजी फेब्रुवारीत जोडलेखीच्या (दोन मोठे आणि चार छोटे एकत्र बसवण्याच्या त्या जुळणीच्या) साठच शीट कापल्या असत्या, म्हणजे १२० मोठे आणि २४० छोटे तुकडे केले असते, आणि उरलेल्या शीट न कापता रॅकवर ठेवून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातल्या ऑर्डरी पाहिल्या असत्या, तर पुढच्या १६० छोट्या तुकड्यांना फक्त वीस शीट पुरल्या असत्या. त्या वीस शीटचे यील्ड कमी, ८१ टक्क्यांच्या आतले, आणि ते पाहून कोणत्याही सुपरवायझरने नाक मुरडले असते. पण एकूण काम शंभराऐवजी ऐंशी शीटमध्ये झाले असते, वीस शीट म्हणजे २८० किलो पत्रा तसाच कोरा शिल्लक राहिला असता, आणि या दुसऱ्या आखणीचे एकूण यील्ड कागदावर जितके, म्हणजे जवळपास ९४ टक्के, तितकेच प्रत्यक्षातही पडले असते. उलट मोठ्या कूलरची मागणी अंदाजाप्रमाणे आली असती, तर उरलेल्या चाळीस शीट त्याच जोडलेखीने कापता आल्या असत्या आणि थांबण्याची किंमत म्हणून मशीनचे एक जादा सेटिंग आणि अर्ध्या पाळीची मजुरी एवढेच गेले असते. दोन्ही बाजू अशा समोर ठेवल्यावर काय करायला हवे होते ते शेंबडे पोरही सांगेल. मी मात्र तेव्हा यील्डचा एकच आकडा पाहत होतो.

कोरी शीट आणि कापलेला तुकडा यांतला फरक इथे समजून घेतला पाहिजे. कोरी शीट कशालाही उपयोगी पडते: कूलर नाही चालला तर कोठीला, कोठी नाही तर डक्टला, आणि काहीच नाही तर ओळखीचा व्यापारी थोडा भाव पाडून का होईना परत घेतो. एकदा त्यावर शिअरिंगचे पाते पडले की तो पत्रा एका मापाचा आणि एका गिऱ्हाइकाचा होऊन बसतो. शिवाय पावसाळा आहेच. जून-जुलैत एकावर एक रचलेल्या जीपीच्या तुकड्यांमध्ये ओल शिरली की जस्तावर पांढरी बुरशीसारखी पूड चढते, आणि जिथे मुलामा नाही अशा कापलेल्या कडांवर तांबूस रेघ उमटते. सीआरसीए, म्हणजे जस्ताचा मुलामा नसलेल्या थंड लाटलेल्या पत्र्याचे तर विचारूच नका. तेल पुसून प्रेसवर घेतलेले ब्लँक, म्हणजे मापात कापलेले तुकडे, चार दिवस उघडे राहिले तर रंगकाम करणारा ते परत पाठवतो. बांधून, तेल लावून आलेला गठ्ठा त्या मानाने महिनोन्‌महिने नीट राहतो. म्हणजे कापून ठेवलेल्या मालाची किंमत केवळ मागणी नसल्याने घटते असे नाही, नुसत्या हवेनेही घटते.

मराठवाड्यातला शेतकरी हा विचार आमच्यापेक्षा चांगला करतो. मृगाची पहिली सर पडली म्हणून तो घरातले सगळे बियाणे एकाच दिवशी रानात टाकत नाही. काही पेरतो, काही दुबार पेरणीच्या भीतीने राखून ठेवतो, आणि ओल किती खोल गेली ते पाहून पुढचे ठरवतो. गणिताच्या भाषेत याला दोन टप्प्यांचा निर्णय म्हणतात: एक, आज घ्यायचा, दुसरा, कळल्यावर घ्यायचा. अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी १९५५ साली अनिश्चिततेखालील नियोजनाची ही मांडणी केली. पत्रा कमीत कमी वाया घालवून कापण्याचे गणित त्याच्याही आधीचे आहे. लेनिनग्राडमधल्या लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवूडच्या उद्योगाकडून आलेल्या एका प्रश्नावरून नियोजनाची गणिती पद्धत मांडली, तिच्यात साहित्य कापण्याचाही प्रश्न होता, आणि पुढे १९४८ ते १९५०च्या सुमारास तिथल्याच रेल्वेडबे बांधणाऱ्या कारखान्यात पोलादी पत्र्यांसाठी ती वापरली गेली. त्यांना १९७५ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आज आपण जी नेस्टिंगची, म्हणजे शीटवर तुकडे बसवून देणारी, सॉफ्टवेअर घेतो त्यांच्या पूर्वजांत आयबीएममधल्या गिलमोर आणि गोमोरी यांची १९६१ची पद्धतही येते. पण कांतोरोविच काय किंवा गिलमोर-गोमोरी काय, त्यांच्या त्या मांडणीत कोणत्या मापाचे किती तुकडे हवेत ते आधीच ठरलेले असते. आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलांना कापण्याचा हा प्रश्न सोडवता येतो, आणि डँट्झिग यांचे नावही नियोजनाची अशी गणिते सोडवण्याच्या सिंप्लेक्स पद्धतीमुळे ठाऊक असते. पण 'समजा मागणी २०० आहे' या वाक्यातला 'समजा' किती महागात पडतो, याची कल्पना नोकरीच्या पहिल्या हंगामाआधी सहसा येत नाही.

मग पहिल्या टप्प्यात किती कापावे? संपादक महोदय, हा प्रश्न आपल्या छापखान्यात रोज रात्री सुटत असतो. प्रती कमी छापल्या तर गिऱ्हाईक शेजारचा पेपर उचलतो आणि जास्त छापल्या तर सकाळी दहानंतर त्या रद्दीच्या भावाने जातात. या प्रश्नाला गणितातही पेपरविक्याचाच प्रश्न म्हणतात आणि त्याचे उत्तर आश्चर्य वाटावे इतके साधे आहे. एक तुकडा कमी पडला तर किती रुपयांचा नफा हुकतो आणि एक तुकडा जास्त झाला तर भंगाराची किंमत वजा जाता किती रुपये बुडतात, हे दोन आकडे काढायचे. समजा पहिला ९० रुपये आणि दुसरा ६० रुपये आहे. ९० ला त्या दोघांच्या बेरजेने, म्हणजे १५० ने, भागले की ०.६ येतात. याचा अर्थ असा की, दहा हंगामांपैकी सहा हंगामांत मागणी ज्या संख्येच्या आत राहिली, तेवढे तुकडे कापावेत. नफा जास्त आणि नुकसान कमी असेल तर हा आकडा वर जातो, उलट असेल तर खाली येतो. सरासरी मागणी धरून कापणे हे या दृष्टीने बहुधा चुकीचेच असते, आणि आम्ही सगळे नेमके तेच करतो; त्यातही गेल्या वर्षीची विक्री अधिक दहा टक्के, हे तर आमचे ठरलेले सूत्र.

पत्र्याच्या बाबतीत मात्र एक गाठ जास्त आहे, आणि ती पेपरविक्याला नसते. वर सांगितलेल्या जोडलेखीत दोन मोठे आणि चार छोटे तुकडे एकमेकांना बांधलेले आहेत. मोठा नको म्हणून फक्त छोटा काढता येत नाही. त्यामुळे पुढची एक शीट जोडलेखीने कापावी का, हा प्रश्न सहा तुकड्यांचा मिळून विचारावा लागतो. दोन्ही मापांची मागणी एकदमच वर-खाली होत असेल, म्हणजे ऊन पडले की दोन्ही कूलर खपतात आणि अवकाळी पाऊस आला की दोन्ही पडून राहतात असे असेल, तर जोडलेखी तेवढी धोक्याची नाही. मागणी दोन्हींची सारख्याच प्रमाणात घटते आणि आपण शीटची संख्या कमी करून सुटतो. पण एकाची मागणी दुसऱ्याला खाणारी असेल, जशी त्या पाणीटंचाईच्या वर्षी झाली, तर ९८ टक्क्यांची ती सुंदर जुळणीच गळ्यात अडकते. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली तेव्हाची माझी वही काढून पाहिली. त्या वर्षी कूलरही पडले आणि गव्हाच्या कोठ्याही पडल्या, कारण शेतकऱ्याच्या हातात पैसाच राहिला नव्हता. तेव्हा दोन्ही मापे एकदम खाली गेली होती. अशा आठ-दहा हंगामांच्या नोंदी प्रत्येक वर्कशॉपमध्ये चलनांच्या गठ्ठ्यात असतातच. त्या कोणी काढून एका पानावर लिहीत नाही, इतकेच.

यील्ड सारखे असूनही दोन लेआउट सारखे नसतात, ही आणखी एक बाब सॉफ्टवेअरच्या अहवालात दिसत नाही. फक्त छोटे, ५०० बाय ६००चे तुकडे काढायचे म्हटले तर ते दोन प्रकारे बसतात. सहाशेची बाजू शीटच्या लांबीत टाकली तर आठ तुकडे निघून २२० मिलिमीटर रुंदीची एक लांब पट्टी उरते. पाचशेची बाजू लांबीत टाकली तरी आठच तुकडे निघतात, पण आता ४४० बाय १२२०चा तुकडा हाती राहतो. यील्ड दोन्हीकडे अगदी तेवढेच. पहिल्या पट्टीतून आमच्या पंख्यामागची ४०० बाय ४००ची प्लेट एकही निघत नाही, दुसऱ्या तुकड्यातून तीन निघतात. उद्या कशाची मागणी येईल हे माहीत नसताना उरणारा पत्रा एकाच ठिकाणी, रुंद आणि चौकोनी उरावा अशी आखणी करणे केव्हाही बरे. अर्थात, उरलेले तुकडे राखायचे तर त्यांचा हिशेबही राखावा लागतो. आमच्याकडे प्रत्येक तुकड्यावर मार्करने जाडी आणि मापे लिहितात, तो उभ्या रॅकमध्ये जातो आणि एका वहीत त्याची ओळ पडते. नवे काम आले की आधी वही उघडायची, मग शीट. सहा महिने ज्याच्याकडे कोणी पाहिले नाही तो तुकडा निमूट भंगारात जातो, नाहीतर रॅकचे कोठार होते आणि माणसे चालायला जागा उरत नाही. ही शिस्त लावायला मला तीन वर्षे लागली, कारण कारागिराला तुकडा शोधण्यापेक्षा नवी शीट ओढणे सोपे वाटते. त्यात त्याचाही दोष नाही. आम्ही त्याला तासांवर तोलतो.

दोन मापांऐवजी एक माप करता आले तर त्याहून चांगले. छोट्या कूलरच्या तीन मॉडेलना आमच्याकडे पूर्वी तीन वेगवेगळे ब्लँक लागत. बेंडची जागा थोडी सरकवून आम्ही तिन्हींचे बाहेरचे माप एकच केले. आता फरक आहे तो फक्त भोकांचा आणि जाळीच्या खिडकीचा, आणि ते काम ऑर्डर हातात आल्यावर प्रेसवर होते. एखाद्या मॉडेलला दहा-बारा मिलिमीटर पत्रा जास्त जातो खरा, पण तिन्ही मॉडेलच्या मागणीची बेरीज एकेकट्या मॉडेलच्या मागणीपेक्षा कितीतरी स्थिर असते. एक पडले तर दुसरे उचलते. जाड पत्र्याच्या आणि कडक मालाच्या कामात हे करताना रोलिंगची दिशा, म्हणजे पत्रा लाटताना त्यात पडलेली दाण्याची दिशा, सांभाळावी लागते, कारण तुकडा आडवा फिरवून बसवला आणि बेंड दाण्याच्या दिशेला समांतर आला तर वळणावर तडा जातो. कूलरच्या पातळ पत्र्याला ती भीती कमी.

लेझर कटिंगवाल्यांना शिअरिंगचे बंधन नाही. ते वेड्यावाकड्या आकारांच्या मधल्या जागेतही लहान तुकडे बसवतात, आणि त्यातच एक मोह आहे. मोठ्या भागाच्या पोटातली रिकामी जागा दिसली की 'फुकटच तर आहे' म्हणून तिथे लहान वॉशर, क्लिट, ब्रॅकेट भरले जातात. पत्रा फुकट असतो, पण लेझरचा वेळ, गॅस, कापलेल्या कडेची बर (धारदार कंगोरा) काढण्याची मजुरी आणि ठेवायची जागा फुकट नसते, आणि वर्षाअखेरीस असे कोणालाही नको असलेले ब्रॅकेट ट्रेच्या ट्रे भरून निघतात. प्रोग्रेसिव्ह डायवर, म्हणजे पट्टी पुढे सरकवत टप्प्याटप्प्याने भाग काढणाऱ्या साच्यावर, चालणाऱ्या कामाचे वेगळे. तिथली पट्टीची आखणी डाय बनवतानाच कायमची ठरते आणि नंतर फेरफाराला वाव नसतो, म्हणून मागणीची शंका असेल तर ती डायला पैसे घालण्यापूर्वीच काढलेली बरी.

आतापर्यंत सांगितले ते आमच्या हातातले. जे आमच्या हातात नाही त्याविषयीही लिहिले पाहिजे. बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये वाळूजला सुरू झाल्यापासून या भागात पुरवठादारांची आणि त्यांच्याही खालच्या पुरवठादारांची मोठी साखळी उभी राहिली, आणि माझ्यासारखी शेकडो वर्कशॉप त्या साखळीच्या अगदी शेवटच्या कडीला आहेत. आमच्यापर्यंत मागणी पोहोचते ती तीन हातांतून. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने, त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही, महिन्याचे शेड्यूल दिले. ते पाहून मी पत्रा आणला, कापला, निम्म्याचे बेंडिंगही केले, आणि चौदा तारखेला फोन आला की त्या भागाचे ड्रॉइंग बदलले असून जुना माल घेतला जाणार नाही. पर्चेस ऑर्डर पाहिली तर तीत संख्या होती, दर होता, तारीख होती. पण कापून झालेल्या मालाचे काय, याविषयी एक शब्दही नव्हता. भांडण्यासारखे कागदावर काहीच नव्हते आणि भांडलो असतो तर पुढचे काम गेले असते. देयके ४५ दिवसांत मिळावीत म्हणून २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात तरतूद आहे, पण न उचललेल्या मालाचे देयकच होत नाही.

यावर माझी सूचना मोठी नाही. शेड्यूल बदलणारच, बाजार गिऱ्हाइकाच्याही हातात नसतो, हे मला मान्य आहे. पण पत्रा यायला आणि कापायला जितके दिवस लागतात तितक्या दिवसांचे, आमच्या कामात साधारण दोन आठवड्यांचे, शेड्यूल पक्के समजावे आणि त्यातला कापलेला माल गिऱ्हाइकाने उचलावा किंवा त्याची किंमत द्यावी. त्यापुढच्या दोन आठवड्यांच्या आकड्यावर आम्ही फक्त कोरी शीट आणू आणि त्यानंतरचे आकडे नुसते माहितीसाठी ठेवू, असे तीन भाग पर्चेस ऑर्डरवर छापता येतील. यात गिऱ्हाइकाचाही फायदाच आहे, कारण आज आम्ही ही जोखीम दरातच मिसळून टाकतो आणि ती त्याला दिसत नाही. मासिआ आणि सीएमआयए या आपल्या दोन्ही उद्योजक संघटनांनी असा एक नमुना मसुदा तयार करून सभासदांना द्यावा, अशी माझी या पत्राद्वारे विनंती आहे. एकटादुकटा वर्कशॉपवाला हे मागायला गेला तर त्याला चहा देऊन परत पाठवले जाते.

चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेने, वाळूजच्या ऑटो क्लस्टरने किंवा शीट मेटलचा ट्रेड असलेल्या आयटीआयने लेआउट शिकवताना मुलांना एकाच यादीवर सराव देऊ नये, एवढेही सुचवावेसे वाटते. मुलाने लेआउट पूर्ण केला की त्याला दुसरी यादी द्यावी, जीत मोठ्या मापाची संख्या निम्मी झाली आहे, आणि आतापर्यंत कापलेल्यातून पुढे काय ते विचारावे. आमच्याकडे नव्या मुलाला मी आता असेच बसवतो. मापे त्याच जुन्या कूलरची असतात, आणि शेवटच्या यादीत मोठ्या तुकड्यांपुढे १२० हा आकडा लिहिलेला असतो. त्या ८० तुकड्यांपैकी अकरा अजून रॅकच्या मागे आहेत; मुलांना दाखवायला ते उपयोगी पडतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पत्राकाम व्यावसायिक,
वाळूज औद्योगिक वसाहत, छत्रपती संभाजीनगर